डब्ल्यूडब्ल्यूईतले ब्लॅक पैलवान आणि त्यांच्या वाट्याला आलेली सोंगं

कोपऱ्यातला_पंच

कमाला आठवतो का कोणाला? तोंडावर रंगाचे पट्टे, पोटावर चांदण्या आणि चंद्र रंगवलेला, कमरेला कातडं, अनवाणी, बोलणं काही नाही, नुसते हुंकार आणि स्वतःचं पोट बडवणं. सोबत सफारी हॅट घातलेला, मुखवटेवाला एक हँडलर, तो सांगणार कुठे बघ आणि कोणाला मार. 'युगांडाचा जायंट' म्हणून ओळख करून द्यायचे. माणूस मिसिसिपीचा, नाव जेम्स हॅरिस, आणि युगांडाशी संबंध शून्य. १९८२ साली मेम्फिसमधे जेरी लॉलर आणि जेरी जॅरेट यांनी मिळून हे सोंग तयार केलं आणि मग तो बिचारा जवळजवळ अख्खं करिअर त्यातच राहिला. पुढे डायबेटिसमुळे दोन्ही पाय कापावे लागले, ऑगस्ट २०२० मधे कोविडच्या काळात गेला.

सध्या जुन्या मॅचेस परत बघतोय आणि लहानपणी जे नुसतं 'भारी' वाटायचं ते आता डोळ्यात खुपतंय. टोनी अ‍ॅटलस हा चांगला 'मिस्टर यूएसए' म्हणून यायचा, रॉकी जॉन्सनबरोबर १९८३ मधे डब्ल्यूडब्ल्यूएफचे (डब्ल्यूडब्ल्यूईचं जुनं नाव) पहिले ब्लॅक टॅग टीम चँपियन झाले ते दोघे, आणि त्याच अ‍ॅटलसला १९९० मधे भाला, ढाल, पिसं देऊन 'सबा सिंबा' करून आणला. जंकयार्ड डॉगच्या गळ्यात कुत्र्याचा पट्टा आणि साखळी. व्हर्जिल तर टेड डिबियासीचा नोकरच, मालकाचे पाय चोळायचे, पैसे उचलायचे. आणि सगळ्यात कैच्याकै म्हणजे अकीम, वन मॅन गँग नावाच्या धिप्पाड गोऱ्या माणसाला १९८८ मधे एकदम साक्षात्कार की आपण मूळचे आफ्रिकन, मग तो आफ्रिकन कपडे घालून हात हलवत नाचत काय यायचा, ब्लॅक माणसाच्या बोलण्याची नक्कल काय करायचा.

आता कोणीतरी म्हणणारच की अरे ते खोटं असतं, लुटुपुटूची लढाई, एवढं काय मनावर घ्यायचं. पण माझा मुद्दा नेमका तिथेच आहे. १९८९ मधे कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे स्वतःच सांगितलं की हा खेळ नाही, करमणूक आहे, म्हणजे सरकारी क्रीडा कमिशनची देखरेख आणि टॅक्स मागे लागायला नको. ठीक आहे, मग कोण जिंकणार, कोण हरणार, कोण कोणते कपडे घालणार आणि काय बोलणार हे सगळं ऑफिसात बसून ठरतं. बॉक्सिंगमधे कोणी हरला तर त्याचा ठोसा कमी पडला म्हणता येतं, इथे तसं म्हणायची सोयच नाही ना. हरला म्हणजे कोणीतरी ठरवलं की याने हरायचं.

तुमची मतं लिहा. जुन्या फॅन लोकांनी भर घाला.

मिरजेचा_मारुती

धागा चांगलाय पण थोडं एकतर्फी वाटलं. त्या काळात स्टिरिओटाइप कोणाचा नव्हता सांगा बरं. आयर्न शेख इराणी म्हणून व्हिलन, निकोलाय व्होल्कॉफ रशियन म्हणून (तो मूळचा क्रोएशियाचा, पण रशियाचं राष्ट्रगीत म्हणायचा), मिस्टर फुजी जपानी म्हणून लोकांच्या डोळ्यात मीठ फेकायचा. हिलबिली जिम म्हणजे गोरा खेडवळ. वीस सेकंदात हा कोण ते कळलं पाहिजे, मागच्या रांगेतल्या माणसालाही कळलं पाहिजे, म्हणून सगळंच भडक. तमाशातला सरदारही रंगूनच येतो की. यात ब्लॅक पैलवानांवर मुद्दाम अन्याय असं मला तरी दिसत नाही.

ऋजुता_भ

मी हे कधीच बघितलं नाही, भाऊ बघायचा आणि मी आणि आई वैतागायचो. तरी धागा वाचतेय. एक बेसिक प्रश्न, हे लोक स्वतः असले रोल घ्यायला तयार कसे व्हायचे?

कोपऱ्यातला_पंच

@ऋजुता, पोटासाठी, दुसरं काय. नाही म्हटलं तर दुसरा उभाच असतो. कमालाने नंतर स्वतःच सांगितलंय की १९९२ च्या समरस्लॅममधे, वेम्ब्लीचं खच्चून भरलेलं स्टेडियम, अंडरटेकरबरोबर मॅच, आणि पैसे मिळाले ते अंडरटेकरच्या मानाने अगदीच चिल्लर.

@मारुती, मान्य की सगळेच भडक. पण फरक बघा. गोऱ्या पैलवानाला शंभर सोंगं उपलब्ध होती. तो खेडवळ, तो करोडपती, तो पोलीस, तो सुपरहिरो, तो न्हावी, तो टॅक्सवाला. इराण्याला एकच होतं हे खरं, पण आयर्न शेखला डिसेंबर १९८३ मधे मुख्य चँपियनशिपचा पट्टा तरी मिळाला, भले हल्क होगनकडे पोचवण्यापुरता का असेना. ब्लॅक पैलवानाला मिळायचं काय, तर रानटी, नाहीतर गल्लीतला गुंड, नाहीतर नाचणारा हसरा, नाहीतर नोकर. आणि पट्टा नाही तो नाहीच.

दुसरं एक. न्यूयॉर्कच्या प्रमोशनचा, म्हणजे याच कंपनीचा, धंदा कशावर उभा होता? इटालियन लोक मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे यावेत म्हणून ब्रूनो सॅमार्टिनो, पोर्तो रिकन यावेत म्हणून पेद्रो मोरालेस, दोघेही चँपियन. म्हणजे आपल्या माणसाला चँपियन बघायला पब्लिक तिकीट काढतं हे गणित त्यांना उत्तम कळत होतं. न्यूयॉर्कमधे ब्लॅक पब्लिक काय कमी होतं का? तरी १९६३ ला सुरू झालेल्या त्या पट्ट्यावर पहिलं ब्लॅक नाव लागलं नोव्हेंबर १९९८ मधे, द रॉक. तोही अर्धा सामोअन, आणि त्याची आधीची ओळख काय करून दिली होती तर 'तिसऱ्या पिढीचा पैलवान'.

डेट्रॉइटकर_पक्या

पंच, मस्त धागा. मी इथे डेट्रॉइटजवळ राहतो, आमच्या ऑफिसात एक रिटायरमेंटला आलेले ब्लॅक सहकारी आहेत, रेसलिंगचा विषय काढला की गडी अर्धा तास सुटत नाही. त्यांच्यासाठी रेसलिंग म्हणजे होगन वगैरे नाही, बोबो ब्राझील. खरं नाव ह्यूस्टन हॅरिस, मिशिगनमधल्याच बेंटन हार्बरला राहिलेला. कोबो अरीनामधे बोबो विरुद्ध द शेख (आयर्न शेख नव्हे, हा वेगळा) ही भांडणं वर्षानुवर्षं चालली आणि अख्खी ब्लॅक कुटुंबं नटूनथटून बघायला जायची म्हणे. शेख हा बेकायदा वागणार, पेन्सिलीने कपाळ फोडणार, आग फेकणार, आणि बोबो त्याला डोक्याने ठोकणार.

१९६२ मधे नेवार्कला बोबोने बडी रॉजर्सला हरवलं, एनडब्ल्यूएचा (प्रमोटर लोकांची संघटना) वर्ल्ड चँपियन तेव्हा. पण रॉजर्स म्हणाला मला आधीच दुखापत होती, मग बोबोने म्हणे सभ्यपणे पट्टा घ्यायला नकार दिला आणि एनडब्ल्यूएने तो निकाल कधीच रेकॉर्डवर धरला नाही. त्याचं वजन, त्याचं गर्दी खेचणं सगळं वापरायचं आणि पट्ट्याशी आलं की असं.

रच्याकने, ते डोक्याने ठोकणं पण बघा. बोबोचा 'कोको बट', जंकयार्ड डॉगचाही हेडबट, तोच सिलसिला. रेसलिंगमधे एक न लिहिलेला नियम होता की ब्लॅक माणसाचं डोकं टणक असतं, त्याला खांबावर आपटलं तरी लागत नाही. सामोअन लोकांनाही तोच नियम. गुलामगिरीच्या काळात 'यांना वेदना कमी होतात' असं डॉक्टर लोक लिहून ठेवायचे, आणि ती समजूत टीव्हीवर कॉमेंटेटर हसत हसत सांगतोय, पोरं टाळ्या वाजवतायत.

ऋजुता_भ

बापरे, हे डोक्याचं माहीत नव्हतं. वाचून अंगावर काटा आला.

उंटावरचा_शहाणा

आता सगळ्यातच रेसिझम शोधायची फॅशन आहे. गॉडफादर आठवा! चार्ल्स राइट. टोपी, कोट, मागे नाचणाऱ्या बायकांची ट्रेन, अख्खं स्टेडियम त्याच्याबरोबर डायलॉग म्हणायचं. लोकांचा लाडका होता तो. स्वतः तो माणूस आजही खूश आहे त्या रोलवर, २०१६ मधे हॉल ऑफ फेममधे पण गेला. त्याला नाही त्रास तर तुम्हाला का? ह.घ्या.

कोपऱ्यातला_पंच

हलकेच घेतोय. चार्ल्स राइटचंच उदाहरण घ्या की मग. १९९२ मधे तो पापा शँगो, कवटीसारखं रंगवलेलं तोंड, हातात धूर निघणारी कवटी, व्हूडू करून अल्टिमेट वॉरियरला ओकाऱ्या करायला लावायचा. मग कामा, मग नेशन ऑफ डॉमिनेशन या ब्लॅक पैलवानांच्या गटामधे कामा मुस्तफा, मग गॉडफादर म्हणजे बायकांचा दलाल. एकाच माणसाला चेटक्या, मारकुट्या, मुठी वळलेला मिलिटंट आणि भडवा. उरलं काय? तो उत्तम कलाकार आहे म्हणून त्यातूनही मजा आणली, त्याबद्दल त्याला सलाम. पण यादी त्याने नाही बनवली.

आता मला जे सगळ्यात जास्त खटकतं ते लिहितो. बॅड न्यूज ब्राउन, खरं नाव अ‍ॅलन कोज, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमधे ज्युदोत हेवीवेटचं ब्राँझ. ऑलिंपिक मेडल! डब्ल्यूडब्ल्यूएफमधे आला तो हार्लेमच्या रस्त्यावरचा गुंड म्हणून. रेसलमेनिया ६ ला (रेसलमेनिया म्हणजे कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो) रॉडी पायपर त्याच्यासमोर अर्धं अंग काळ्या रंगाने रंगवून आला, तोंडापासून कमरेपर्यंत बरोब्बर मधोमध रेघ. (तो रंग नंतर निघता निघेना असा किस्सा पायपरच सांगायचा.) त्याउलट कर्ट अँगल. १९९६ अटलांटाचं गोल्ड, गोरा, त्याचं गिमिकच ते मेडल, गळ्यात घालून फिरायचा आणि वर्षभरात चँपियन. त्याच अटलांटा ऑलिंपिकला वेटलिफ्टिंगला गेलेला मार्क हेन्री. सुरुवातीला त्यालाही अमेरिकेचा झेंडा वगैरे दिला, हे खरं, पण १९९९ पर्यंत तो झाला 'सेक्शुअल चॉकलेट', आणि २००० मधे सत्तरी ओलांडलेल्या मे यंगला त्याच्यापासून दिवस गेले असं दाखवून शेवटी बाळाच्या जागी रबरी हात जन्माला घातला. ऑलिंपिकपटू हो. त्याला वर्ल्ड हेवीवेट पट्टा मिळायला सप्टेंबर २०११ उजाडलं, रँडी ऑर्टनला हरवून, आणि त्या 'हॉल ऑफ पेन'च्या काळातला हेन्री बघा, गंभीर, धोकादायक, माइकवर एक शब्द वाया नाही. म्हणजे जमत होतं की. पंधरा वर्षं का नाही जमवलं?

शेल्टन बेंजामिनचंही तेच. मिनेसोटा युनिव्हर्सिटीत ब्रॉक लेस्नरच्या बरोबरचा, ट्रेनिंगमधे दोघांची टॅग टीम होती. लेस्नर २००२ मधे आला आणि काही महिन्यांत चँपियन. शेल्टनला २००६ मधे काय दिलं? त्याची 'मम्मा'. जाडजूड, आरडाओरडा करणारी ब्लॅक आई, तिच्यासाठी एक नटी आणलेली, ती रिंगशेजारी उभी राहून पर्स हाणणार.

मिरजेचा_मारुती

बॅड न्यूजबद्दल थोडी दुरुस्ती. 'बॅड न्यूज' हे सोंग त्याच्यावर कंपनीच्या मालकाने, व्हिन्स मॅकमहनने लादलं नव्हतं, कॅनडात तो आधीपासून बॅड न्यूज अ‍ॅलन म्हणूनच फेमस होता, आणि खऱ्या आयुष्यातही गडी कोणाला घाबरायचा नाही. त्यामुळे त्यात त्याची स्वतःची मर्जी होती.

पण लेस्नर-शेल्टनचा मुद्दा पटला. आणि बॅड न्यूजने १९९० मधे कंपनी सोडली ती पहिला ब्लॅक चँपियन करायचं वचन दिलं होतं ते पाळलं नाही म्हणून, असं तो सांगायचा, हेही नमूद करतो.

चिंचेचं_बुटुक

नेशन ऑफ डॉमिनेशनवर कोणी लिहीना म्हणून मी लिहितो. रॉन सिमन्स. फ्लोरिडा स्टेटचा फुटबॉल स्टार, ऑगस्ट १९९२ मधे बाल्टिमोरला व्हेडरला हरवून डब्ल्यूसीडब्ल्यूचा (प्रतिस्पर्धी कंपनी) वर्ल्ड चँपियन झाला, त्या मॅचमधे पब्लिकमधली लोकं रडतायत ते दिसतं व्हिडिओत, लहान पोरं उड्या मारतायत. आणि १९९६ मधे हाच माणूस डब्ल्यूडब्ल्यूएफमधे आला तो निळं प्लास्टिकचं रोमन हेल्मेट घालून, नाव फारूक असद. नशीब ते हेल्मेट लवकर गेलं आणि नेशन आलं. वर केलेली मूठ, काळे कपडे, ब्लॅक पँथर आणि नेशन ऑफ इस्लामची सरळ उचल. गंमत अशी की फारूक माइकवर जे बोलायचा ते खरंच होतं, की या कंपनीत ब्लॅक माणसाला संधी मिळत नाही. आणि ते बोलतो म्हणून तो व्हिलन! पब्लिकने त्याला शिव्या घालायच्या.

मग जुलै १९९८, डीएक्स नावाच्या दुसऱ्या गटाने नेशनची नक्कल केली, त्यात एक्स-पॅक तोंडाला काळा रंग फासून मार्क हेन्री झाला. एकोणिसाव्या शतकात गोरे नट जळका बूच तोंडाला चोळून मिन्स्ट्रेल शो करायचे, अगदी तेच, आणि हे १९९८ मधे, प्राइम टाइम टीव्हीवर. आजही 'बेस्ट ऑफ डीएक्स' म्हणून लोक शेअर करतात.

डेट्रॉइटकर_पक्या

+१. आणि बुकर टी राहिला.

हार्लेम हीट, म्हणजे बुकर टी आणि त्याचा भाऊ स्टीव्ही रे, ह्यूस्टनचे दोघे. १९९३ मधे डब्ल्यूसीडब्ल्यूने त्यांना पहिल्यांदा आणलं ते बेड्या घालून, कैदी म्हणून, आणि साखळी कोणाच्या हातात तर पांढरा सूट घातलेल्या सदर्न 'कर्नल'च्या. साखळदंडातले दोन ब्लॅक माणसं आणि गोरा मळेवाला. पब्लिक इतकं अस्वस्थ झालं की गुंडाळलं ते लगेच.

दहा वर्षांनी रेसलमेनिया १९, सिअ‍ॅटल, मार्च २००३. बुकर तेव्हा पाच वेळचा डब्ल्यूसीडब्ल्यू चँपियन, आणि तरुणपणी दरोड्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेला, हे खरं आणि त्याने कधी लपवलं नाही. ट्रिपल एच चँपियन, त्याने समोर उभं राहून सुनावलं की तुझ्यासारखे लोक वर्ल्ड चँपियन होत नसतात, तुझ्या केसांबद्दल बोलला, मला नाचून दाखव म्हणाला. कुठलाही शब्द थेट उच्चारला नाही पण अरीनातल्या शेंबड्या पोरालाही कळलं की 'तुझ्यासारखे' म्हणजे कोण.

आता कुस्तीची गोष्ट कशी असते? व्हिलनने एवढं बोलायचं तर शेवटी हिरोने त्याला निकाली हरवायचं, नाहीतर त्या बोलण्याला अर्थ काय. आणि हरला बुकर. तेही कसं, ट्रिपल एचने पेडिग्री मारली, मग गुडघा धरून पडून राहिला कितीतरी वेळ, मग सावकाश येऊन एक हात ठेवला आणि वन टू थ्री. म्हणजे गोष्टीचं तात्पर्य काय निघालं? व्हिलन बरोबर होता. माझे ते ऑफिसातले सहकारी म्हणतात त्या रात्री त्यांनी टीव्ही बंद केला आणि पुन्हा सोमवारचा 'रॉ' हा शो लावला नाही.

आणि सर्व्हायव्हर सिरीज २००५, इथेच डेट्रॉइटला, व्हिन्स मॅकमहन जॉन सीनाशी बोलताना तो एन वाला शब्द (ब्लॅक लोकांसाठीची शिवी) वापरून ऐटीत निघून जातो आणि बुकर टी बाजूला उभा राहून बायकोला विचारतो की हा खरंच असं बोलला का. जोक म्हणून लिहिलेलं होतं ते. रिहर्सल करून.

उंटावरचा_शहाणा

रेसलमेनिया १९ चं मान्य, तिथे बुकर जिंकायलाच हवा होता. तेव्हाही आम्ही हॉस्टेलवर शिव्या घातल्या होत्या, पण रेस म्हणून नाही, ट्रिपल एच सगळ्यांनाच गाडायचा म्हणून. पण आता तर बदललंय ना? कोफी चँपियन झाला, लॅश्ली झाला, बिग ई झाला.

शर्वरी_ज

कोफीमेनियाच्या वेळी, म्हणजे कोफी किंग्स्टन चँपियन झाला तेव्हा, मी लाइव्ह बघत होते, ७ एप्रिल २०१९, आणि रडले होते, हो, एवढी मोठी होऊन. अकरा वर्षं कंपनीत, २००८ मधे आला तेव्हा मूळ घानाचा माणूस आणि त्याला जमैकन करून बोबडे उच्चार काढायला लावले होते. मग २०१४ मधे झेव्हियर वुड्स कोफी आणि बिग ई समोर येऊन म्हणाला की हसत, नाचत, बाळांच्या पाप्या घेत आपण कुठे पोचलो नाही, आता पुरे. आम्हाला वाटलं नवं नेशन येणार. आलं काय? टाळ्या पिटणारे चर्चवाले भजनीबुवा! लोकांनी हुर्यो उडवली. आणि त्या तिघांनी ती हुर्योच पकडली, मुद्दाम जास्त गोड, जास्त चिडवणारे झाले, ट्राँबोन आणला, सिरियलचे डबे आणले, आणि ४८३ दिवस टॅग चँपियन राहिले. दिलेलं सोंग आतून उलटवणं म्हणजे काय ते यांच्याकडून शिकावं.

मला आवडलं ते हे की कोफीच्या स्टोरीत टीव्हीवर त्याला 'बी प्लस प्लेअर' म्हटलं गेलं आणि पब्लिकला बरोबर कळलं कशाबद्दल बोलणं चाललंय, आणि यावेळी हिरो जिंकला. बुकरच्या वेळचं देणं फेडल्यासारखं.

आणि मग ४ ऑक्टोबर २०१९ ला नवीन चॅनेलवर पहिला शो, लेस्नर आला, एक एफ-५ (त्याचा ठरलेला डाव), दहा सेकंदही नाही, पट्टा गेला. सहा महिन्यांच्या चँपियनला रीमॅचही नाही दिली. दुसऱ्या आठवड्यात कोफी परत नाचत पॅनकेक फेकत होता, काही झालंच नाही असं.

बायकांचंही सांगते, २०२१ मधे साशा बँक्स आणि बियांका बेलेअर रेसलमेनियाच्या पहिल्या रात्रीची शेवटची मॅच, दोघी ब्लॅक, आणि कुठलंही सोंग नाही. बियांकाची वेणी सोडली तर, पण ती तिची स्वतःची आहे आणि कपडेसुद्धा ती स्वतः शिवते.

अडाणी_आबा

पोरांनो, मी आपला तालमीतला माणूस, हे तुमचं नाचगाणं मला कुस्ती वाटत नाही. पण खलीला तिथे बघून आमच्या गावात पेढे वाटलेले, आणि मग त्याला तिथे 'पंजाबी प्लेबॉय' करून बायकांच्या पाप्या घेत फिरवला तेव्हा कोणाला राग आला नाही, सगळे हसलेच.

मिरजेचा_मारुती

आबा, बरोबर बोललात. आणि जिंदर महाल तर कॅनडात जन्मलेला, २०१७ मधे चँपियन केला तो 'तुम्ही अमेरिकन मला परका समजता' असं पगडी घालून साथीदारांबरोबर ओरडायला. व्हिलन कशामुळे, तर आपला रंग. पण त्याला पट्टा दिला तो भारतात धंदा वाढवायचा होता म्हणून, हे पंचांच्या ब्रूनोवाल्या गणितात बसतं.

ऋजुता_भ

यातल्या कोणीच कधी उघड आवाज उठवला नाही का? एकजूट वगैरे?

डेट्रॉइटकर_पक्या

उठवला ना. थंडरबोल्ट पॅटरसन. सत्तरच्या दशकात माइकवर त्याच्यासारखा बोलणारा कोणी नव्हता, कितीतरी गोऱ्या स्टार लोकांची बोलायची ढब त्याच्यावरून उचललेली. त्याने प्रमोटर लोकांना वंशभेदाबद्दल आणि पैशांबद्दल तोंडावर विचारलं, पैलवानांची युनियन काढायचा प्रयत्न केला, आणि काम मिळणं बंद. २०२४ मधे हॉल ऑफ फेममधे घेतला त्याला, कोफी आणि वुड्स यांनी स्टेजवर ओळख करून दिली.

ऋजुता_भ

आणि युनियन?

डेट्रॉइटकर_पक्या

नाही झाली. आजही कागदोपत्री सगळे 'इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर' आहेत.